छोट्या सर्व्हरला झेपेल असा टीव्हीचा डबा



आज आपण टीव्हीबद्दल बोलणार आहोत, पण मालिकांबद्दल नाही. आपल्या गटांच्या बायकांच्या मोबाइलमध्ये काय काय साठलंय ते आठवा. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ, ग्रामसभेचं चित्रण, म्हाताऱ्या आज्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या. फोन भरला की आपण त्यातलंच काहीतरी पुसतो. आजी गेल्यावर ती ओवी पुन्हा कुठून आणणार? म्हणूनच आता काही गट हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरवर एकत्र ठेवू लागले आहेत. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं कपाट.

हा सर्व्हर मोठा लागत नाही. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय चालतो, त्याला एक हार्ड डिस्क जोडायची. विजेचा हिशेब आपणच मांडू. ५ वॅटचं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास जातात. ६० वॅटचा साधा कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला तर ४३ युनिट. बिल कोण भरणार, यावरून गटात वाद होतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

पण कमी वीज खाणारं यंत्र ताकदीनेही कमी असतं. त्यामुळे टीव्हीला जोडायचा डबा किंवा स्टिक निवडताना काळजी घ्यावी लागते. दुकानात आम्हाला सांगितलं, "ताई, कुठलाही घ्या, सगळे सारखेच." ते सारखे नसतात.

पंगतीचं उदाहरण घ्या. भाकरी तयार असेल तर एकटी वाढपीण चार जणींना सहज वाढते. पण ताटावर बसलेली म्हणाली, "मला भाकरी चालत नाही, घावन करून द्या," तर वाढपिणीला चुलीपाशी बसावं लागतं आणि सगळी पंगत खोळंबते. व्हिडिओचंही असंच आहे. प्रत्येक व्हिडिओ एका विशिष्ट पद्धतीने आवळून ठेवलेला असतो. टीव्हीच्या डब्याला ती पद्धत कळत असेल, तर सर्व्हर फाइल जशीच्या तशी पाठवतो. त्याला फारसं काम पडत नाही. कळत नसेल तर सर्व्हरला तोच व्हिडिओ चालता चालता नव्याने बनवावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. छोट्या यंत्राला ते झेपत नाही. रास्पबेरी पाय ५ मध्ये तर या कामासाठी वेगळा भागच दिलेला नाही. मग चित्र अडकतं, आवाज पुढे जातो आणि बायका म्हणतात, "बंद करा ते!"

म्हणून मुख्य नियम एकच. सर्व्हर छोटा असेल तर डबा हुशार घ्या. काम डब्याने करायचं, सर्व्हरने फक्त वाढायचं.

आता दुकानात काय विचारायचं ते लिहून घ्या.

पहिलं, एच.२६४ आणि एच.२६५ हे दोन्ही चालतात का? एच.२६५ ला एचईव्हीसी असंही म्हणतात. एच.२६४ ही २००३ पासूनची पद्धत आहे, ती जवळजवळ सगळीकडे चालते. एच.२६५ नंतरची, तिच्यात साधारण तितक्याच चांगल्या चित्राला निम्मी जागा पुरते. आजचे बरेच फोन जागा वाचवायला तीच वापरतात. जुन्या साध्या क्रोमकास्टला एच.२६५ कळत नाही. त्यामुळे कुणी जुनं स्वस्तात देत असेल तरी आधी विचारा.

दुसरं, आपल्या सर्व्हरचं ॲप त्यावर मिळतं का? जेलीफिन हे मोफत ॲप आहे आणि घरातल्या घरात इंटरनेटशिवाय चालतं. मात्र फायर टीव्हीसारखी स्टिक पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि खातं लागतं. ते खातं कुणा एकीच्या खाजगी नंबरावर नको, गटाच्या नावाने काढा.

तिसरं, जोडणी. स्टिकला एचडीएमआयची खाच लागते. जुन्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या खाचा असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागेल, आणि चित्र थोडं धूसर दिसेल. सर्व्हर राउटरला वायरने जोडा. वायफायवर ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण जाड भिंतीतून नीट जात नाही. सर्व्हर एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल तर डब्याला वायर लावण्याची सोय आहे का, हे बघा.

चौथं, मराठी अक्षरं. कानाने कमी ऐकू येणाऱ्या मैत्रिणींसाठी खाली ओळी लागतात. त्या साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये असाव्यात. चित्राच्या स्वरूपातल्या असतील तर त्या व्हिडिओवर उमटवण्यासाठी सर्व्हरला पुन्हा चूल पेटवावी लागू शकते. जोडाक्षरं नीट दिसतात का, तेही दुकानातच पाहा.

पाचवं, नाव-गाव नसलेला स्वस्त डबा घेऊ नका. अशा काही डब्यांमध्ये आधीपासूनच घातक प्रोग्रॅम घातलेले आढळले आहेत. असा डबा आपल्याच वायफायवर बसतो, ज्यावर आपण बँकेचे व्यवहारही करतो.

पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्या. तीन फाइल निवडा: फोनवरचा एक व्हिडिओ, मराठी ओळींचा एक, आणि सर्वांत मोठा एक. ओळखीच्या कुणाकडे तसाच डबा असेल तर त्याला सर्व्हर जोडून त्या चालवा. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्लेइंग' दिसलं तर सर्व्हर नुसता वाढतोय. 'ट्रान्सकोडिंग' दिसलं तर तो रांधतोय. एखादीच फाइल अडत असेल तर नवा डबा घेण्याची गरज नाही. मोठ्या कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती एकदाच एच.२६४ मध्ये बदलून ठेवा, आवाज एएसी ठेवा.

आणि हो, आधी आपला टीव्हीच तपासा. पेनड्राइव्ह लावून त्या फाइल चालल्या, आणि टीव्हीवर जेलीफिनचं ॲप मिळालं, तर डबा घ्यायचीच गरज नाही. गटाचे पैसे वाचले, तेवढी अंतर्गत कर्जाला रक्कम राहिली.

खरेदीचा ठराव बैठकीत वाचून दाखवा, पावती नोंदवहीला लावा. आणि ओव्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा. डबा बिघडला तर नवा येईल. आजीचा आवाज मात्र एकच आहे.