वीकेंड? तो काय असतो?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एकच विषय असतो, वीकेंडला काय? मल्टिप्लेक्स, ट्रेक, नाहीतर मस्त ताणून देणं. थोडा 'मी टाइम' तर हवाच ना! पण नगरला लागून असलेल्या केडगावात एखादी आई एकटीनं मुलं वाढवत असेल आणि तिची भिस्त 'संजय गांधी निराधार'च्या पैशांवर असेल, तर? तिच्या मोकळ्या वेळाचं गणितच वेगळं.

विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांनाही आधार देणारी ही योजना १९८० ची. २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. आपली कॅफेतली एक कॉफीही त्यात बसत नाही! मग धुणीभांडी, शिवणकाम, मजुरी आलीच. वर हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेची रांग. प्रत्येक खेपेला कामाचा खाडा.

२०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. एकट्या आईच्या घरात ती ८८ मिनिटं देणारंही कुणी नसतं.

मग मोकळा वेळ नाहीच? असतो की! पण कामाच्या आड लपलेला. भाजी निवडताना लावलेली मालिका, पाणी भरताना शेजारणीशी गप्पा, नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेचं दर्शन. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे माहेरची चक्करही परवडते. देवाला किंवा माहेरी जाते म्हटलं की कुणी काही विचारत नाही. 'जरा फिरून येते' म्हटलं की मात्र भुवया वर!

त्यात ती विधवा असेल तर बऱ्याच ठिकाणी हळदीकुंकवाचं बोलावणंही नाही. बायकांच्या हक्काची ती एक संध्याकाळ, तीही गेली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण ठरावानं आमंत्रण येत नाही, ते कुणीतरी द्यावं लागतं.

सरकारी मदत घेणारीनं मजा करायची नाही, हा नियम कुठल्याच जीआरमध्ये नाही. तो आपल्या नजरेत आहे. मुलासोबत खाल्लेली वीस रुपयांची कुल्फी म्हणजे पैशांचा गैरवापर नव्हे. येत्या संक्रांतीला तुमच्या सोसायटीत हळदीकुंकू असेल, तर घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही बोलवा. आणि हो, वाण देऊन लगेच भांड्यांकडे पाठवू नका. निवांत बसू द्या.