छायाचित्रांतील अडगळ

नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्याचें छायाचित्र आम्हीं काढलें. घरीं पाहतों तों पायथ्याशीं कागदाचा कपटा व कडेस अर्धवट फांदी! इ. स. १४८७ चें तें कोरीव काम सोडून दृष्टि तिकडेच जाई.

कड कातरतांच फांदी गेली. कपट्यावर संगणकानें शेजारच्या दगडाचा रंग व पोत उतरविला. मग दगडांतील भेगही पुसावी, असा मोह झाला. तो आम्हीं आवरला. कपटा हा वाऱ्याचा पाहुणा. भेग ही वास्तूच्या वयाची खूण. १९८२ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’नें उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड चित्रांत जवळ सरकविले, व तें टीकेस पात्र झालें.

विद्यार्थी मित्रहो, सर्वांत उत्तम उपाय कळ दाबण्यापूर्वींचाच: दोन पावलें बाजूस सरावें, आणि कपटा हातानें उचलावा.