बास्करव्हिल (टंक)

बास्करव्हिल हा रोमन लिपीचा एक सेरिफ टंक आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील मुद्रक जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) यांनी तो १७५० च्या दशकात तयार करविला. अक्षरातील मुख्य रेषांच्या टोकांना असणाऱ्या लहान रेघांना सेरिफ म्हणतात. देवनागरीतील शिरोरेषा अक्षरांना एकमेकांशी जोडते. सेरिफ मात्र त्या-त्या अक्षरापुरताच मर्यादित असतो.

निर्मिती

बास्करव्हिल हे मुद्रणाकडे वळण्यापूर्वी सुलेखनाचे शिक्षक होते. त्यांच्या टंकाचे पोलादी ठसे जॉन हँडी यांनी कोरले. या टंकात छापलेले त्यांचे पहिले पुस्तक, व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती, १७५७ मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षरांतील बारीक रेषा स्पष्ट उमटाव्यात म्हणून त्यांनी गडद काळी शाई व गुळगुळीत कागद वापरला, तसेच छापलेली पाने तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून घेतली. टंक, शाई, कागद आणि दाब या चारही घटकांचा विचार त्यांनी एकत्रितपणे केला होता.

स्वरूप

विल्यम कॅस्लन यांच्या जुन्या वळणाच्या टंकापेक्षा यात जाड व बारीक रेषांमधील फरक अधिक आहे. गोलाकार अक्षरांचा अक्ष जवळजवळ उभा असून सेरिफ अधिक टोकदार आहेत. पुढील काळातील दिदो व बोदोनी या टंकांत हा फरक आणखी वाढला. त्यामुळे बास्करव्हिलची गणना संक्रमणकालीन टंकांत होते. कॅपिटल ‘क्यू’ची लांब वळणदार शेपटी आणि स्मॉल ‘जी’चा खुला राहिलेला खालचा फाशा ही त्याची ओळखीची चिन्हे होत.

टीका

बारीक रेषांमुळे वाचकांच्या डोळ्यांना अपाय होईल, असा आक्षेप समकालीनांनी घेतला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी बास्करव्हिल यांना १७६० मध्ये लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग नोंदविला आहे. त्यांनी अशा एका टीकाकाराला कॅस्लनच्या टंकाचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून दाखविला, तेव्हा त्याला त्यातही तेच दोष दिसले. आक्षेपामागे पूर्वग्रहाचाही भाग होता, हे यावरून दिसते.

पुनरुज्जीवन व वापर

बास्करव्हिल यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ही सामग्री फ्रेंच नाटककार बोमार्शे यांना विकली. तिचा उपयोग व्हॉल्तेअर यांच्या समग्र साहित्याच्या छपाईसाठी झाला. मूळ ठसे १९५३ मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाला भेट मिळाले. तत्पूर्वी, १९२३ मध्ये, मोनोटाइप कंपनीने या टंकाची नवी आवृत्ती काढली होती.

आज हा टंक मुख्यतः ग्रंथांच्या मजकुरासाठी व मुखपृष्ठांसाठी वापरला जातो. अतिशय लहान आकारात, खडबडीत कागदावर किंवा कमी स्पष्टतेच्या पडद्यावर त्याच्या बारीक रेषा तुटक दिसू शकतात. अशा ठिकाणी अधिक भरीव रेषांचा टंक सोयीचा ठरतो.