शवागाराबाहेरच्या बाकड्यावरून

शवागाराबाहेरचं बाकडं आम्हाला चांगलं ठाऊक आहे. नर्सच्या नोकरीत असताना तिथं बसलेली माणसं जाता-येता दिसायची. नोकरी सोडून कामाला लागलो तेव्हापासून वस्तीतल्या माणसांसोबत आम्हीच तिथं बसतो. दरवेळी एकच प्रश्न कानावर येतो, "सिस्टर, बॉडी कधी मिळणार?" आत डॉक्टर कोण आहे, काय शिकलेला आहे, कागदावर काय लिहितो आहे, हे कोणी विचारत नाही. दुःखात विचारणार तरी कसं?

अमेरिकेतल्या काही शहरांत आणि राज्यांत या कामासाठी चीफ मेडिकल एक्झामिनर असतो. न्यूयॉर्क शहरात ही व्यवस्था १९१८ पासून आहे. तो वकील किंवा पोलीस नसतो. तो शवविच्छेदनाचं खास शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, आणि मृत्यू कशानं झाला एवढंच नाही, तर तो अपघात की खून की आत्महत्या, हेही तोच नोंदवतो. आपल्याकडे तसं नाही. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनर होता, तेही पद गेलं. आता पंचनामा पोलीस करतात, डॉक्टर मृत्यूचं कारण सांगतो आणि पुढचं पोलीस व कोर्ट ठरवतात. म्हणून डॉक्टरनं लिहिलेल्या त्या एका ओळीला फार वजन आहे.

ती ओळ लिहिणारा कोण असतो? वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभाग असतो. तिथं एमबीबीएसनंतर तीन वर्षं हाच विषय शिकून एमडी झालेले डॉक्टर मिळतात. तालुक्याच्या रुग्णालयात मात्र ड्युटीवर असेल तो एमबीबीएस डॉक्टर हे काम करतो. सकाळची ओपीडी उरकून येतो बिचारा. आणि सुरी? ती बऱ्याचदा चतुर्थश्रेणी कामगाराच्या हातात असते, आणि तो बहुधा आपल्यातलाच असतो. डॉक्टर चार हात लांब उभा राहून लिहून घेतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळेच तसं करत नाहीत, मन लावून काम करणारेही पाहिले.

परभणीचं प्रकरण आठवा. सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत गेले. आजाराचं कारण पुढे केलं गेलं. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं आणि अहवालात अनेक जखमांमुळे शॉक बसल्याचं आलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. तो कागद नसता तर?

पोलिसांनी पाठवलेल्या शवविच्छेदनाला घरच्यांची संमती लागत नाही, पण मागणी करता येते. संशय असेल तर ठाणे अंमलदार आणि रुग्णालय, दोघांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा : शवविच्छेदन एका डॉक्टरनं न करता पथकानं करावं, न्यायवैद्यक विभाग असलेल्या रुग्णालयात व्हावं, त्याचं चित्रीकरण व्हावं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. शक्य तिथं नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यावं, असं कायदाच म्हणतो. तेव्हा तिथं जाऊन बसा.

पैशाचंही बोलायला लाज कसली! गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरून माणूस गेला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालाप्रमाणे कुटुंबाला ३० लाख रुपये मिळायला हवेत. कारणात नुसतं 'हार्ट फेल' आलं तर तिथंच घोळ सुरू होतो. अॅट्रॉसिटीतल्या खुनात २०१६ च्या नियमांनी ८ लाख २५ हजार ठरले, त्यातले निम्मे शवविच्छेदन होताच देय आहेत.

कधी अहवालात 'अभिप्राय राखून ठेवला' असं येतं. म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत. त्याला महिने लागतात, पाठपुरावा करावाच लागतो.

आणि घाई करू नका. अग्नी दिल्यावर पुन्हा शवविच्छेदन होत नाही. शंका असेल तर आधी अर्ज द्या, मग अंत्ययात्रा काढा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस आयुक्तांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.