चातीचं सूत आणि डोलकाठीतलं शीड

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. तरी निवृत्तीनंतर शिडाची जुनी बोट घ्यायचीच, असं ठरवून बसलेला माझा एक मित्र हिंगणघाटला आहे. त्याचं सगळं अडलंय मोठ्या शिडापाशी, म्हणजे मेनसेलपाशी : वारा वाढला की ते कमी कसं करायचं, आवरायचं कसं? त्याने ऐकीव माहितीवर बांधलेल्या काही समजुती अशा.

गैरसमज : डोलकाठीच्या आत गुंडाळणारं शीड हमखास अडकतं.

सेवाग्रामला चरख्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, चातीवर सूत ढिलं गुंडाळलं की काय होतं. डोलकाठीत शीड गुंडाळण्याचं, म्हणजे इन-मास्ट फर्लिंगचं, तेच. डोलकाठीच्या पोटात उभा दांडा असतो. तो फिरला की शीड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. तेव्हा शिडाच्या मागच्या टोकाची दोरी जराशी ताणून धरली आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, ठरलेल्या कोनात ठेवला, तर काम सुरळीत होतं. अडकतं ते बहुधा जुनं, पोट सुटलेलं शीड. पॉलिएस्टरचं कापड उन्हाने आणि ताणाने सैल होतं, गुंडाळीत चुण्या पडतात आणि डोलकाठीची फट तर अरुंद. म्हणून बोट बघायला गेल्यावर यंत्रणेचं कौतुक ऐकण्याआधी शीड पूर्ण उघडायला लावावं.

भीती बाळगायची तर दुसऱ्या गोष्टीची. अर्धं बाहेर असताना अडकलं, तर हे शीड खालीही उतरवता येत नाही, आणि वारा तर वाढतच असतो.

गैरसमज : सोय मिळते, वेग तेवढाच राहतो.

नाही. शिडाची मागची कड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या या गुंडाळीत बसत नसल्याने ती कड आत वळवून कापतात. शीड लहान होतं. शिवाय वजन उंचावर जातं. उभ्या पट्ट्यांनी थोडी भरपाई होते.

गैरसमज : मग बूममध्ये गुंडाळणारं घ्यावं, त्यात खोट नाही.

आडव्या पट्ट्या राहतात आणि अडकलं तरी शीड खाली घेता येतं, हे खरं. पण बूमचा कोन जरा चुकला की गुंडाळी पुढे-मागे सरकते. आणि किंमत ऐकून मित्र गप्प झाला.

गैरसमज : शीड खाली घेऊन दोरीने बांधायची जुनी पद्धत तरण्याताठ्यांचीच.

मी मित्राला हीच सुचवली. शीड थोडं उतरवायचं, पुढचं टोक आकड्यात अडकवायचं, मागची दोरी खेचायची. दोऱ्या सुकाणूपर्यंत आणल्या, तर फार हिंडावंही लागत नाही. बूमच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या उतरणारं शीड झेलतात. बिघडलं तर दोरी बदलायची, सुटे भाग परदेशातून मागवायला नकोत. मनुष्यबळाचं म्हणाल, तर गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘तारिणी’ घेऊन दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नौदलाच्या कसलेल्या अधिकारी, माझा मित्र नव्हे, हे कबूल.

गैरसमज : डोलकाठीत गेलेल्या शिडाची काळजी नको.

उन्हापासून ते वाचतं, पण ओलं गुंडाळलं तर बुरशी धरते. पद्धत कोणतीही असो, पावसाळ्याआधी शीड काढून, गोड्या पाण्याने धुऊन घरी आणावं. मे महिन्यातल्या हिंगणघाटात ते सावलीतसुद्धा तासाभरात वाळेल.