पडदा खरा की हात खरा? एका गोल टेबलाचं मोजमाप

गेल्या वेळी आपण 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ पाहिले. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचं साधन, आणि व्यवहारात प्रमाण म्हणजे माप. हे दोन्ही अर्थ मला एकाच ठिकाणी भेटले ते पुतण्याच्या कोल्हापुरातल्या वर्कशॉपमध्ये. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, लेथला कधी हात लावला नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तिथे एक मीटर व्यासाचं जुनं रोटरी टेबल आहे. जड जॉब त्यावर बांधायचा, टेबल हवं तितकं फिरवायचं आणि भोक पाडायचं. खाली ९० दात्यांचं वर्म व्हील, त्याला लागून वर्म. हँडलचा एक फेरा म्हणजे टेबलाचे ४ अंश. २४ भोकं हवी असतील, तर दर भोकाला १५ अंश, म्हणजे पावणेचार फेरे.

पुतण्याने वर्मच्या दांड्याला एन्कोडर जोडला आणि समोर आकड्यांचा पडदा लावला. एन्कोडरच्या चकतीवर १००० रेघा, प्रत्येक रेघेचे इलेक्ट्रॉनिक्सने चार भाग. टेबलाच्या एका फेऱ्यात वर्म ९० वेळा फिरतो. म्हणजे पूर्ण वर्तुळाचे ३,६०,००० भाग झाले. अंशाचा साठावा भाग मिनिट, मिनिटाचा साठावा सेकंद. या हिशेबाने पडदा ३.६ सेकंदांपर्यंत दाखवू लागला. पुतण्या खूश.

मग एक जॉब परत आला. घट्ट बसणारे बोल्ट होते, आणि दोन भोकं जुळत नव्हती. मशीनवर होते मामा. तीस वर्षांचा हात. एका भोकाला हँडल थोडं पुढे गेलं, म्हणून त्यांनी मागे फिरवून आकडा बरोबर आणला होता. तेव्हाच ते म्हणाले होते, "मालक, हँडल फिरलं, पण टेबल हललंच न्हाई." पुतण्या म्हणाला, "मामा, पडदा बघा की, बरोबर आलाय." पडद्याचं ऐकलं गेलं. आणि जॉब फुकट गेल्यावर ठपका मात्र मामांवर.

मी विचारलं, "अरे, पडदा नेमकं काय मोजतो?" त्याने टेबलाच्या कडेला डायल गेज लावला आणि हँडल उलटं फिरवलं. पडद्यावर ४ मिनिटं सरकली, गेजची सुई जागची हलली नाही. वर्म आणि दाता यांच्यामधला हा प्ले, म्हणजे ढिलाई. केंद्रापासून ५०० मिलिमीटरवर ४ मिनिटं म्हणजे जवळजवळ ०.५८ मिलिमीटर. पडदा खोटं बोलत नव्हता, बरं का. तो वर्मविषयी खरंच सांगत होता. आपण ते टेबलाविषयी समजलो. बारीक आकडा आणि अचूक आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाच दिशेने येऊन थांबलं तर प्ले बराच टळतो. जुने कारागीर तसंच करतात. पण झिजलेल्या दात्यांची चूक उरतेच. उपाय सरळ आहे: जे जाणायचं आहे, त्यालाच माप लावा. आता टेबलाच्या खालच्या अंगालाच रेघांची स्टीलची रिंग बसवली. साधारण २२९ मिलिमीटर व्यास, २० मायक्रॉनवर एक रेघ, एकूण ३६,००० रेघा. एक रेघ ३६ सेकंदांची. पुढचे बारीक भाग इलेक्ट्रॉनिक्स करतं.

इथे नवी अडचण येते. रिंगचं केंद्र आणि टेबलाचं केंद्र यांत फक्त ०.०१ मिलिमीटर फरक राहिला, तरी कोन कुठे १८ सेकंद जास्त, कुठे १८ सेकंद कमी दिसतो. कडेला ते चार शतांश मिलिमीटर होतात. मग काय करायचं? वाचणारी दोन डोकी समोरासमोर बसवायची. या चुकीने एक जितकं जास्त सांगतं, तितकंच दुसरं कमी. सरासरी घेतली की ती चूक जाते. पण रिंग लंबगोल बसली असेल, तर दोघं एकाच बाजूला चुकतात आणि सरासरीने काही साधत नाही. दोन साक्षीदार एकाच कारणाने चुकत असतील, तर त्यांचं एकमत हा पुरावा नव्हे.

मग रिंग तपासायची कशाशी? लांबीसाठी बाहेरचं प्रमाण लागलं: १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्रला ठेवलेली पट्टी, १९८३ पासून प्रकाशाचा वेग. कोनाला ते लागत नाही! साधारण १५ अंशांचा एक ठोकळा घ्या. नेमका नसला तरी चालेल. टेबलावर तो १५-१५ अंशांनी सरकवत, ऑटोकॉलिमेटरने त्याच्या दोन बाजू धरून, रिंगच्या चोवीसही भागांवर मोजा. पूर्ण फेरा ३६० अंशांचाच असतो. म्हणून एका भागात रिंग जास्त दाखवत असेल, तर दुसरीकडे तिला कमी दाखवावंच लागतं. चोवीस वाचनांची सरासरी म्हणजे ठोकळ्याचा खरा कोन, आणि प्रत्येक वाचनातला फरक म्हणजे त्या भागातली रिंगची चूक. मीमांसक ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः मानतात, नैयायिक परतः. वर्तुळापाशी आलं की मला मीमांसकांची थोडी बाजू घ्यावीशी वाटते.

काम झाल्यावर पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, तुमचं बरोबर होतं. चूक माझी." मामा म्हणाले, "आता हँडल मागं फिरवून बघूया." दोघांनी पाहिलं. आकडा टेबलाबरोबरच थांबला होता.

मी स्वतः तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली आणि तिला शिकणं समजत आलो. तोही एन्कोडर हँडललाच लावलेला होता. आता तुमचे प्रश्न घेऊ.