लेव्हल बरोबर, तरी लघवीतून प्रोटीन का जातंय?

ल्युपसमुळे किडनीला सूज आली आणि टॅक्रोलिमस सुरू झालं, की घरातल्या सगळ्यांना एक आकडा पाठ होतो. ‘यावेळी लेव्हल सहा आली, आता काळजी नाही.’ हा सगळ्यात चिवट गैरसमज. औषध रक्तात किती पोचलं, एवढंच लेव्हल सांगते. सूज उतरली का, हे कळतं लघवीतल्या प्रोटीनवरून, क्रिएटिनिनवरून, रक्तातल्या सी-3, सी-4 या प्रथिनांवरून आणि कधी कधी पुन्हा केलेल्या बायोप्सीवरून. त्यातही प्रोटीन सावकाश उतरतं. युरोपातल्या ‘युरो-ल्युपस’ अभ्यासातल्या रुग्णांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. वर्षाअखेरीस ज्यांचं प्रोटीन दिवसाला 0.8 ग्रॅमच्या खाली आलं होतं, त्यांच्या किडन्या बहुतेक करून चांगल्या टिकल्या. दोन महिन्यांच्या रिपोर्टवर उपचार फसले असं ठरवणं म्हणूनच घाईचं.

लेव्हल जितकी जास्त तितका गुण जास्त, हेही खरं नाही. टॅक्रोलिमस प्रमाणाबाहेर गेलं की किडनीच्याच रक्तवाहिन्या आकसतात, क्रिएटिनिन आणि रक्तदाब चढतो, हात थरथरतात. जी किडनी वाचवायची तिलाच इजा! शिवाय रिपोर्टवर छापलेली रेंज बहुधा प्रत्यारोपणाच्या रुग्णांची असते. ल्युपसमध्ये त्याहून कमी लेव्हल पुरते, त्यामुळे आकड्याशेजारी ‘लो’ छापलंय म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नये.

आता रक्त कधी द्यायचं ते. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि तो टाळणं सगळ्यात सोपं आहे. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत टॅक्रोलिमस रक्तात शिखर गाठतं. नेमाने औषध घेणारा माणूस सकाळी आठला गोळी घेऊन दहाला लॅबमध्ये पोचला, तर आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. गोळी बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यायची. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल सुरू झालं तर लेव्हल चढते. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन ती इतकी पाडतं की डोस नव्याने बसवावा लागतो. ‘फळच तर आहे’ म्हणून खाल्लेलं पपनसही ती वाढवू शकतं.

याच आजारात दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेटचं गणित वेगळं. हे औषध पित्तावाटे परत आतड्यात येतं, तिथून पुन्हा शोषलं जातं आणि काही तासांनी रक्तात दुसऱ्यांदा वर चढतं. त्यामुळे एकाच वेळच्या रक्तावरून फारसं कळत नाही. बारा तासांत मिळून शरीराला किती औषध मिळालं हे मोजायला ठरावीक वेळांनी अनेक नमुने लागतात. ‘डोस सारखा, मग परिणामही सारखाच’ हे इथे पार चुकतं. लघवीतून प्रोटीन वाहून अल्ब्युमिन घटलेलं असेल तर हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं. सोबत अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेतलं तर ते शोषलंच कमी जातं.

मग सगळ्यांची लेव्हल मोजून डोस बसवला की झालं? दुर्दैवाने इतकं सरळ नाही. रक्तात मायकोफेनोलेट कमी मिळालेल्यांना गुण कमी आल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ल्युपसमध्येच दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा अनुभव सावध करणारा आहे. त्याची लेव्हल कमी असलेल्यांमध्ये आजार जास्त उसळत होता, म्हणून फ्रान्समध्ये ‘प्लस’ अभ्यासात 171 ल्युपस रुग्णांपैकी निम्म्यांचा डोस मुद्दाम वाढवला. 2013 मध्ये निकाल आला आणि उसळी काही लक्षणीय कमी झाली नव्हती. तरी ही तपासणी वाया जात नाही. हे औषध शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे लेव्हल जवळपास शून्य आली तर गोळ्या घेतल्याच जात नाहीत, हे कळतं. अशा वेळी डॉक्टरांनी रागावण्यापेक्षा कारण विचारावं: खर्च, मळमळ, डोळ्यांवर परिणाम होण्याची भीती, की घरात कुणी ‘बंद कर’ म्हणालं?

शेवटचा गैरसमज बरं वाटू लागल्यावर येतो: रिपोर्ट छान, आता गोळ्या पुरे. फ्रान्समधल्याच ‘विन-ल्युपस’ अभ्यासात दोन-तीन वर्षं औषध घेऊन स्थिर झालेले 96 रुग्ण होते. ज्यांचं मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन थांबवलं त्यांच्यापैकी 27 टक्क्यांची किडनी पुन्हा बिघडली, चालू ठेवलेल्यांत साडेबारा टक्क्यांची. मूल हवं असेल तर मात्र मायकोफेनोलेट गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवावंच लागतं. तेही आपणहून नाही, डॉक्टरांनी त्याऐवजी अझाथायोप्रिनसारखं औषध सुरू करून.